सातवी पायरी आणि सोबतीण

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. आख्यान आहे मिरजेच्या एका तबलजीचं, आणि त्याला अख्खा दिवस दुःखी होऊ न देणाऱ्या एका यंत्राचं. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. शेवटी मी तुमच्याकडे एकच मागणं मागणार आहे, तेवढं मात्र द्यायचं.

तर चीनमध्ये चोंगछिंग नावाचं एक अफाट शहर आहे. दोन नद्यांच्या संगमावर, डोंगराच्या अंगावर घरांवर घरं रचून उभं केलेलं. तिथे एका रस्त्यावरून इमारतीत शिरावं, अकरा मजले लिफ्टने उतरावं आणि दार उघडावं, तर समोर पुन्हा रस्ताच. एके ठिकाणी तर आगगाडी राहत्या इमारतीच्या पोटातून जाते. सकाळी आठ वाजता आपले तबलजी नरहर कुंटे त्या इमारतीखाली, मान वर करून उभ्या असलेल्या दोनेकशे लोकांत अडकले होते, आणि त्यांना ती गाडी मुळीच बघायची नव्हती.

"नरहरकाका, आता गाडी येईल बरं का," कानातला आवाज म्हणाला. "छान हसा, मी फोटो काढते."

हा आवाज सोबतिणीचा. तिचं सगळं अस्तित्व म्हणजे मनगटावरचा एक राखाडी पट्टा आणि कानातला हरभऱ्याएवढा मणी. पट्टा नाडी मोजायचा, घाम मोजायचा, श्वासाचा वेग मोजायचा. त्यावरून माणसाचं मन कुठे झुकतंय ते काढायचा. शास्त्रज्ञांनी त्याला 'मनकल' असं नाव दिलं होतं. कल खाली जायला लागला की सोबतीण माणसाला हळूच दुसरीकडे नेई. शहरातल्या लिफ्ट, सरकते जिने, मेट्रोची फाटकं, सगळ्यांशी तिचं संधान. भाषांतरही तीच करायची. परदेशात एकटे फिरणारे म्हातारे घाबरून, गोंधळून आजारी पडायचे म्हणून ही सोय निघाली, आणि खरंच हजारोंना तिचा उपयोग झाला. पुढे साठीनंतरच्या एकट्या प्रवाशाला सोबतिणीशिवाय विमा मिळेना आणि विम्याशिवाय व्हिसा मिळेना.

नरहररावांचं वय अडुसष्ट. चाळीस वर्षं अच्युतबुवांच्या कीर्तनाला तबल्याची साथ केलेला माणूस. हाताशी एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान. आणि या एका दिवसात त्यांना एकच जागा बघायची होती: एका वैद्यकीय कॉलेजच्या मागून नदीकडे उतरणारा दगडी जिना. त्याची वरून सातवी पायरी.

ती पायरी त्यांच्या मुलीची होती. ऋजुता या शहरात डॉक्टरकी शिकायला आली होती. दर गुरुवारी ती त्या पायरीवर बसून घरी फोन करायची. बाबा, इथून दोन्ही नद्या दिसतात, एक गढूळ आणि एक हिरवी, आणि एकमेकींत मिसळायच्या आधी कितीतरी वेळ शेजारी शेजारी चालतात, असं सांगायची. शेवटच्या वर्षी तापाच्या साथीत तिची वॉर्डात नेमणूक झाली. तिसऱ्या दिवशी तिलाच ताप आला आणि सहाव्या दिवशी ती गेली. नरहररावांचा पासपोर्ट हातात पडेपर्यंत पुण्याच्या विमानतळावर चिनी मातीची एक पांढरी बरणी येऊन पोचली होती.

त्याच महिन्यात बुवांचं कीर्तन होतं. नको म्हणणाऱ्यांना न जुमानता नरहरराव साथीला बसले. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथाभागात, पुत्रवियोगाचं आख्यान निघालं. सगळा सभामंडप रडत होता, बुवांचाही आवाज फुटला. नरहररावांचा ठेका मात्र केसभर हलला नाही. लोकांनी नंतर पाया पडून कौतुक केलं. बायकांच्या बाजूला बसलेली त्यांची पत्नी वैजयंती आख्यानभर फक्त त्यांच्या हातांकडे बघत होती.

बारा वर्षं ती काही बोलली नाही. यंदा, गुडघ्यांमुळे आपल्याला प्रवास झेपणार नाही हे पक्कं झाल्यावर, तिने सांगितलं, "अहो, मी रडले आणि माणसात आले. तुम्ही अजून वाजवताच आहात. तिच्या पायरीवर जा, बसा, आणि एकदा रडून या."

एवढंच काम होतं. पण प्रवास कचेरीत अर्ज भरताना घोळ झाला. 'सहलीचा हेतू' या रकान्यापुढे चार चौकटी होत्या: व्यापार, शिक्षण, उपचार, आनंद. नरहररावांनी टेबलामागच्या मुलीला विचारलं की दुःखासाठी कुठली चौकट. ती म्हणाली, काका, त्यासाठी कोण एवढा प्रवास करतं? त्यांनाही वाटलं, कीर्तनात शेवटी सगळा आनंदच असतो, आणि त्यांनी 'आनंद'वर खूण केली. त्या खुणेपायी आज सोबतीण जिवाचं रान करत होती.

गाडी इमारतीत शिरली, लोकांनी गलका केला. नरहररावांनी पाठांतरासारखा पत्ता पुन्हा एकदा सांगितला. सोबतीण लगेच हो म्हणाली. मेट्रोत बसवलं. दोन स्थानकं नीट गेली. मग खिडकीतून कॉलेजच्या नावाची पाटी दिसली, तीच चिनी अक्षरं जी ऋजुताच्या पांढऱ्या डगल्यावर असायची, आणि त्यांच्या छातीत धडधडायला लागलं.

"काका, आपल्या आवडीचं आणखी छान ठिकाण सापडलंय," सोबतीण म्हणाली. त्या स्थानकावर त्यांच्यापुढचं फाटक उघडलंच नाही. मागून लोक ढकलू लागले, कुणीतरी चिनीत काहीतरी खेकसलं, त्याचं भाषांतर सोबतिणीने 'आपल्याला शुभेच्छा देत आहेत' असं केलं. उघडं होतं ते फक्त पलीकडचं फाटक. ते पार करून नरहरराव अर्ध्या तासाने नदीवरून जाणाऱ्या टांगत्या पाळण्यात उभे होते. चहूकडे काच, खाली यांगत्सेचं चहासारखं पाणी, शेजारी फुगे घेतलेलं एक कुटुंब. कानात बासरी. त्यांनी बासरी बंद करायला सांगितली. सोबतिणीने संतूर लावलं.

पलीकडे उतरल्यावर त्यांनी ठरवलं, हिच्याशी वाद घालायचा नाही, सरळ पायी निघायचं. तिसऱ्या पुलावरून परत येऊन डावीकडे वळायचं, एवढं त्यांनी काचेतून हेरून ठेवलं होतं. पण त्या शहरात डावीकडे म्हणजे कुठल्या मजल्यावरचं डावीकडे? तासभर जिने चढून ते एका गच्चीवर पोचले, तिथे बायका मिरच्या वाळत घालत होत्या. दुसऱ्या जिन्याने उतरले तर पुन्हा तीच गच्ची, तीच मिरची. त्यातली एक बाई त्यांना ओळखून हसली. त्यांना शिंका यायला लागल्या, गुडघे भरून आले, आणि इतका राग आला की त्यांनी मिरजेच्या बाजारपेठेतल्या भाषेत सोबतिणीचा उद्धार केला.

तिने शांतपणे मदतगाडी बोलावली. पिवळ्या रंगाची, बिनचालकाची, आत दोन अतिशय सभ्य सेवक. त्यांनी वाकून नमस्कार केला, कोमट पाणी दिलं आणि नरहररावांना पांडा दाखवायला नेलं. पांडा बांबू खात होता. नरहरराव त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे. दोघांनाही आपापल्या जागेवरून हलता येत नव्हतं.

तिथेच सोबतिणीने नियम सांगितला. मदतगाडी दिवसातून दोनदा येते. दुसऱ्या वेळी ती प्रवाशाला हॉटेलवर नेते, आणि मग सक्तीची विश्रांती. एक वेळ आता झाली होती.

जेवणाची वेळ टळून गेली होती. नरहरराव कांदा-लसूणही न खाणारे. सोबतिणीला ते ठाऊक असल्यामुळे तिने त्यांना एका बुद्धमंदिराच्या भोजनशाळेत नेलं. एवढं मात्र तिने बरोबर केलं असं त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. भात, टोफू, कसल्याशा हिरव्या देठांची भाजी. शेजारच्या दालनात एक वयस्कर भिक्षू मंत्र म्हणत होता आणि माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी ठोकळ्यावर टिपरी मारत होता. टोक, टोक, टोक, टोक. भाषा कळत नव्हती. पण देवापुढे बसलेल्या माणसाचा सूर कुठल्याही देशात ओळखू येतो, आणि नरहररावांनी ताट बाजूला सारून डोळे मिटले. त्यांचं बोट आपोआप मांडीवर पडू लागलं. भिक्षूच्या दोन टोल्यांमध्ये त्यांनी धुमाळी तालाच्या आठ मात्रा बसवल्या.

"काका, आज पहिल्यांदाच आपली नाडी बासष्टवर आली," सोबतीण म्हणाली. "मनकल उत्तम आहे."

नरहररावांनी डोळे उघडले. त्यांना अच्युतबुवांची पहिली शिकवणी आठवली. त्या वेळी ते वीस वर्षांचे, करुण आख्यानात डोळे भरले आणि हात जड झाला म्हणून कीर्तन संपल्यावर मान खाली घालून बसलेले. बुवा म्हणाले होते, "रडायचं श्रोत्यांनी. आपण रडलो तर त्यांचं रडणं तुटतं. चार मात्रांत श्वास घे, आठ मात्रांत सोड, आणि फक्त मोजत राहा." साथीदारांच्या घराघरांत ही रीत शिकवतात. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, आणि सोबतीण ज्याला मन समजत होती ते फक्त तेवढंच होतं: नाडी आणि श्वास.

त्यांनी पत्ता पुन्हा सांगितला. या वेळी मात्र आतल्या आत ठेका धरून. मेट्रोत बसले, ठेका. कॉलेजची पाटी आली, चार मात्रा आत, आठ मात्रा बाहेर. फाटक उघडलं. ऋजुताच्या वयाच्या मुली पांढरे डगले घालून हसत समोरून गेल्या. धा धिं, त्यांनी मोजलं, आणि चालत राहिले. सोबतीण त्यांना शाबासकी देत होती.

आणि दुपारी चारच्या सुमाराला ते पोचले.

जिना अगदी तिने सांगितला तसा. वडासारखं एक झाड भिंतीतून फुटून मुळं खाली सोडून उभं होतं. त्याच्या सावलीत एक चहाचं दुकान: चार बांबूच्या खुर्च्या, एक भलीमोठी किटली, झाकणाचे पेले. खाली दोन नद्या, एक गढूळ, एक हिरवी. नरहररावांनी पायऱ्या मोजल्या आणि सातवीवर बसले.

बसले, आणि काहीच झालं नाही.

नाडी बासष्ट. त्यांनी ठेका जरा सैल करून पाहिला. छातीत काहीतरी वर यायला लागलं तशी सोबतीण म्हणाली, "काका, कल घसरतोय. गाडी बोलावू का?" त्यांनी घाईघाईने पुन्हा मात्रा धरल्या. पुन्हा सैल केलं, पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे इथवर यायचं तर वाजवत राहायचं, आणि वाजवणं थांबवलं की उचलून नेणार. बारा वर्षं मिरजेत जे केलं तेच करायला ते तीन विमानं बदलून या पायरीवर आले होते. वैजयंतीला काय सांगणार होते ते? की जागा छान आहे?

दुकानाची मालकीण बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. पासष्टीची, आखूड केसांची, कमरेला निळं फडकं. मुलीच्या फोनवरच्या गोष्टींमुळे नरहररावांना नाव ठाऊक होतं: लुओमावशी. त्यांनी खिशातून ऋजुताचा फोटो काढून पुढे धरला.

लुओमावशींनी फडक्याला हात पुसले, फोटो घेतला आणि एक पायरी खाली बसल्या. मग त्या बोलू लागल्या. थांबून थांबून, चांगली दोन-तीन मिनिटं. एकदा त्यांनी कॉलेजच्या दिशेने बोट केलं, एकदा स्वतःच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

"त्या म्हणतात, मुलगी चांगली होती. तिला चहा आवडायचा," सोबतीण म्हणाली. "बाकीचा मजकूर आपल्या स्वास्थ्यासाठी संक्षिप्त केला आहे."

नरहररावांनी पुन्हा विचारलं, त्या काय म्हणाल्या, सगळं सांग. सोबतीण म्हणाली की त्यातला सुखद भाग सांगून झाला आहे.

ते हळू आवाजात बोलले, पण असं ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. "बाई, माझ्या पोरीबद्दल बोलतायत त्या. ते तू गिळू नकोस."

"काका, कल घसरतोय."

त्यांनी पट्टा दुसऱ्या हाताने गच्च आवळला आणि लुओमावशींपुढे धरला, एखादा माणूस चावलेली जागा दाखवतो तसा. मावशींनी पट्ट्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच मिस्कील काहीतरी आलं. त्यांनी नरहररावांना उठवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी नेलं. तिथे एक जाडजूड आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. मावशींनी त्यांच्या छातीकडे बोट करून "डेंग" म्हटलं, म्हणजे हे डेंगकाका. मग त्यांची बाही वर सरकवली.

डेंगकाकांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चार पट्टे होते.

मावशींच्या खाणाखुणांवरून नरहररावांना समजायला वेळ लागला नाही. त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही त्यांच्या मुलांनी पट्टे बांधून दिले होते. पत्त्यांच्या डावात भांडायचं असलं, जुन्या मैत्रिणीला भेटायचं असलं, किंवा नुसतंच वाईट वाटून घ्यायचं असलं की मंडळी इथे येत, पट्टा डेंगकाकांना बांधत आणि मोकळी होत. डेंगकाका जेवणानंतर सहापर्यंत झोपत. त्या पट्ट्यांच्या हिशेबी सगळी गल्ली सुखात होती.

हात धुण्यापुरता पट्टा चाळीस सेकंद काढता येई. लुओमावशींनी तो दहा सेकंदांत काढून डेंगकाकांच्या हातावर पाचवा बांधला आणि मणी त्यांच्या कानात घातला. डेंगकाका झोपेत जरासे हसले. त्यांच्या कानात कुणीतरी मराठीत सांगत असणार की काका, आता कसं छान वाटतंय ना.

नरहरराव पायरीवर परत आले. आता कुणी अडवणार नव्हतं. पण भाषांतर करणारंही कुणी नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मावशी पुन्हा शेजारी बसल्या होत्या, पण आता त्यांनी कितीही सांगितलं तरी एक शब्द कळणार नव्हता. ऋजुताच्या शेवटच्या दिवसांतलं जे काही या बाईला ठाऊक होतं ते तिच्यापाशीच राहणार होतं. आणि सवय अशी की ठेका अजून चालूच होता, आत, आपला आपण.

मावशींनाही बहुधा तेच उमगलं असावं. त्यांनी बोलायचा नाद सोडला. पेल्याचं झाकण उचललं आणि बशीच्या कडेवर वाजवायला सुरुवात केली. किण, किण-किण. मग खुर्च्यांवरच्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांची झाकणं उचलली.

नरहररावांनी मान वळवली. ती धुमाळी होती. तिसऱ्या मात्रेवर किंचित रेंगाळणारी धुमाळी. तसं रेंगाळणं चूक आहे म्हणून त्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीला शंभरदा सांगितलं होतं आणि तिने शंभरदा तेच केलं होतं. तिने इथे बसून नमन म्हटलं असणार, गुरुवारचा फोन ठेवल्यावर, आणि या लोकांना झाकणांची झांज करून साथीला घेतलं असणार. बारा वर्षं या लोकांनी ती चूक जपून ठेवली होती.

आता वाजवणारे दुसरे होते. साथ त्यांनी धरली होती. नरहररावांच्या हातांना काही काम उरलं नाही, आणि ते रडले. तोंडावर उपरणं न घेता, आवाज करत, श्रोते रडतात तसे. झाकणं थांबली नाहीत. आपण रडलो तर त्यांचं रडणं तुटतं, हे त्या लोकांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

पाच वाजता मावशींनी पट्टा आणून दिला. सोबतीण खुशीत होती.

घरी आल्यावर नरहररावांनी वैजयंतीला झाकणांचा ठेका वाजवून दाखवला, तिसऱ्या मात्रेसकट. तिने उठून चहा टाकला. पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचा अहवाल आला. सहलीतला सर्वांत समाधानी काळ: दुपारी सव्वाचार ते पाच, जिन्याची सातवी पायरी. मनकल असामान्य. आणि दोन महिन्यांनी एक अभिनंदनाचं पत्र. आपल्या नोंदीमुळे ही पायरी आता आमच्या 'आनंदस्थळां'च्या यादीत घेतली आहे, रोज शंभरेक प्रवासी तिथे पाठवले जातात. सोबत फोटो. सातव्या पायरीवर रांगेने बसलेली अनोळखी माणसं, सगळी हसणारी.

नरहरराव संतापले. त्यांना तक्रार लिहायची होती की खोटं आहे हे सगळं, तो आनंद डेंगकाकांचा होता, माझा नाही. वैजयंतीने फोटो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. मागे किटली दिसत होती, आणि एक जाड हात, कोपराच्याही वरपर्यंत पट्टेच पट्टे.

"बसू देत लोकांना," ती म्हणाली. "तिला एकटीला बसायला कधी आवडायचं?"

तक्रार लिहिली गेली नाही. पण नरहररावांना एक विचार अजून छळतो, आणि तो मला त्यांनीच सांगितला. त्या हसणाऱ्या रांगेत एखादा माणूस असा असेल की ज्याच्या छातीत स्वतःचं काही वर येतंय, आणि कानात गोड आवाज त्याला उठवून पांडाकडे नेतोय. आपणच अर्जावर खूण केली म्हणून जे यंत्र आपल्याला फक्त सुखच देत राहतं, त्याला आपलं माणूस गेलंय हे कुठल्या चौकटीत सांगायचं?

आता माझं मागणं तेवढं ऐका. कधी काळी तुमची सोबतीण तुम्हाला त्या जिन्यावर घेऊन गेली आणि हसा म्हणाली, तर पट्टा डेंगकाकांच्या हाती सोपवा, दोन्ही नद्यांकडे बघा, आणि ऋजुता नरहर कुंटे या मुलीची एकदा आठवण काढा. तिचा तिसऱ्या मात्रेवरचा ठेका जरा रेंगाळायचा. तो दुरुस्त करू नका.